येते म्हणाली

३ ऑक्टोबर

पोचले, आणि जागा आवडली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला आयुष्यात काहीच आवडत नाही असं आईचं ठाम मत आहे.

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत. पुढे व्हरांडा, त्यात एक लांब बाक. आत कचेरी, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट आणि खिडकीखाली चांगलं रुंद टेबल. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी असं सगळं मांडूनही वहीला जागा उरली. खिडकीतून पायवाट दिसते. ती डोंगराच्या धारेवरून महिनाभर चालते आणि रस्त्याला फक्त इथे, मध्यावर, भेटते. त्यामुळे ज्याला मोहीम सोडायची असते तो इथे सोडतो. एक दिवसाआड बस येते आणि त्याला घरी नेते.

माझं काम दुहेरी आहे. वरच्या बाजूला तीन निवारे आहेत. वरचा, मधला, खालचा, अशीच त्यांची नावं. दोन निवाऱ्यांमध्ये दिवसभराची चाल, आणि खालच्यापासून इथवर तेवढीच. हातातला फोन तिकडे चालत नाही, म्हणून प्रत्येक निवाऱ्यात संकटकाळच्या फोनची पेटी बसवली आहे आणि तिन्हीच्या तारा माझ्या टेबलावर येतात. त्या सांभाळायच्या. दुसरं काम म्हणजे सोडून जाणाऱ्यांना कारण विचारायचं. निम्मे लोक मध्येच का सोडतात हे वरच्या कार्यालयाला कळून घ्यायचं आहे.

केंद्रप्रमुखांना सगळे साहेब म्हणतात. पन्नाशीचे, पोट सुटलेले. आपण या वाटेचं पहिलं वळणसुद्धा पाहिलेलं नाही, हे ते अभिमानाने सांगतात. बसच्या ड्रायव्हरने उतरता उतरता त्यांना विचारलं, आज गळती किती? मी लगेच छताकडे पाहिलं आणि कुठून गळतंय ते विचारलं. दोघं पोट धरून हसले. गळती म्हणजे सोडून जाणारी माणसं. मग मीही हसले, जरा उशिराने.

५ ऑक्टोबर

आज पहिली गळती पाहिली. चार जण.

एक गृहस्थ, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बूट निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले. टाचेला फोड. लोक नातवाचा फोटो दाखवतात तसा त्यांनी तो मला दाखवला. एक मुलगा, वय फार तर बावीस. सुरुवातीला सगळ्यांना मागे टाकत पळाला आणि आता व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना हुंदके देतो. एका बाईंच्या पाठपिशवीत कॉफी दळायचं यंत्र होतं. त्यांना ओझं झेपलं नाही, आणि यंत्र टाकून द्यायचं मात्र सुचलं नाही. चौथे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले की मनाने त्यांनी वाट पूर्ण केलेली आहे. मनाने पूर्ण केलीत तर मनानेच घरी जा, बस कशाला हवी, असं तोंडावर आलं होतं. नोकरी नवी आहे म्हणून गिळलं.

आमच्या टेलिफोन दुरुस्तीच्या शिक्षणात पहिल्या महिन्यात एक गोष्ट डोक्यात घालतात. तक्रार म्हणजे बिघाड नव्हे. आवाज येत नाही, ही तक्रार. तार तुटली, हा बिघाड. फोड, गुडघा, ओझं, घरची आठवण या सगळ्या तक्रारी आहेत. बिघाड माझ्या मते एकच आहे. माणूस लेचापेचा आहे. कार्यालयाला तेवढंच कळवलं तर माझा एक पगार वाचेल.

एक मात्र खरं. चौघांपैकी कोणीही बसची वाट बघत आत बसायला तयार नव्हतं. रस्त्याच्या कडेला, वाटेकडे पाठ करून उभे होते. लाज वाटत असावी. वाटायलाच हवी.

११ ऑक्टोबर

तिन्ही पेट्या तपासून परत आले. एकटीच गेले होते. वाट सरळ आहे, खुणा स्पष्ट आहेत, पाणी आहे. लोक हिच्याबद्दल पुस्तकी गांभीर्याने बोलतात, का ते मला कळत नाही. पायापुढे पाय टाकायचा, एवढंच तर आहे.

वरच्या निवाऱ्यात कोणीतरी फोनचा रिसीव्हर मोज्यात कोंबून वर बुटाची नाडी करकचून बांधली होती. संकटकाळचं उपकरण. उद्या कोणाचा पाय मोडला तर गाठ सोडत बसणार का? मधल्यात रिसीव्हर टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. दोन्ही सोडवले, पुसले, तपासले. लाइन स्वच्छ होती. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, लोक चालून चालून येडचाप होतात, मनावर घेऊ नकोस.

१३ ऑक्टोबर

घरून फोन आला. ताई याच वाटेवर आहे. वरच्या टोकाकडून निघाली आहे आणि चार-पाच दिवसांत वरच्या निवाऱ्यात पोचेल. मला आज कळतंय. आई म्हणाली की तू हसशील म्हणून तिने सांगू दिलं नाही.

मी हसले.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने शिवणाचा वर्ग सोडला, गाणं सोडलं, वकिलीचं दुसरं वर्ष सोडलं, आणि एक बऱ्यापैकी मुलगा साखरपुड्यानंतर सोडला. घरात अर्धं विणलेलं काही सापडलं की ते कोणाचं, हे विचारावं लागत नाही. आई आज रडवेली होऊन म्हणाली की एवढं तरी तिच्या हातून पुरं होऊ दे, तू तिथे आहेस तर बघ जरा. म्हणजे ताईला इथून बसमध्ये बसू द्यायचं नाही, हे काम आता माझ्याकडे. ठीक आहे. ती सोडणार नाही. मी सोडू देणार नाही.

१५ ऑक्टोबर

एक जोडपं आलं. चाळिशीतलं, धडधाकट, सामान नेमकं, बूट वापरलेले. पहिल्यांदाच असं झालं की बघून मला तिरस्कार वाटला नाही. कारण विचारलं. नवरा म्हणाला, कंटाळा.

बस आली. नवरा जरा सभ्य, पायरीवरून वळून मला म्हणाला, येतो हं. बायकोने खाडकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. थट्टेत ठेवतात तसा नव्हे. त्याचा ओठ दातावर आपटला.

मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि बहुधा वाटलं असावं की आता सांगायलाच हवं. भराभर सांगितलं. वरच्या निवाऱ्यात संध्याकाळी दाराबाहेर एक बाई ‘येते हं’ म्हणाली. आवाज साधा, शेजारीण उठून जाताना म्हणते तसा. त्यांना वाटलं, कोणीतरी होतं, निरोप घेऊन गेलं. दार उघडलं तर वाट रिकामी. दुसऱ्या दिवशी चालताना मागून, पुन्हा तेच. मग मधल्या निवाऱ्यातल्या फोनमधून. प्रत्येक वेळी अधिक जवळून. ‘ती निरोप घेत नाहीये हो,’ बाई मला म्हणाली. ‘ती सांगतेय.’

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाई बसमध्ये चढली आणि मला म्हणाली, जाते.

शिकलीसवरलेली बाई. आपल्याकडे निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात, हे लहान पोराला कळतं. येते म्हणाली म्हणजे गेली. स्वतःच्या भाषेला घाबरून महिन्याची मोहीम सोडणारी माणसं मी पाहिली, हे एकदा आईला सांगायला हवं. आठवून पाहिलं तर त्या चौघांतलंही कोणी ‘येतो’ म्हणालं नव्हतं. एकाने दुसऱ्याला चढवलं असणार. अफवा वाटेने चालते, आणि हिला तर फोड येत नाहीत.

१७ ऑक्टोबर

दुपारी वरच्या निवाऱ्यातून फोन. ताई.

‘मी सोडतेय,’ ती म्हणाली.

‘कारण?’ मी सवयीने विचारलं.

‘गुडघा.’

‘कुठला?’

ती म्हणाली, ‘तू ना, आईपेक्षा वाईट आहेस.’

मग खरं बोलली. तेच. दाराबाहेरची बाई, येते हं. मी तिला शांतपणे विचारलं की बाई येते म्हणाली, मग ती कुठे आहे? दिसतेय का? नाही. म्हणजे गेली. ताई म्हणाली, नाही गं, मागेच आहे, मी थांबले की तीही थांबते. मी म्हटलं की तुझ्यामागे कोणी नाही, तुझ्यामागे फक्त तू अर्धवट टाकलेल्या गोष्टी आहेत. हे वाक्य मला बरं जमलं. फोन ठेवल्यावरही काही वेळ आवडत होतं.

१८ ऑक्टोबर

ताई वरच्या निवाऱ्यातून हललेली नाही. साहेबांनी आज हंगाम बंद केला. वरच्या टोकाचं फाटक लावलं. तिच्यामागे आता कोणी चालणारा नाही आणि पुढचे सगळे उतरून गेले. वर ती एकटी आहे.

आज तिने तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी रडत होती. बस केंद्रापासून वर आण म्हणाली. वर रस्ताच नाही हे तिला माहीत आहे. माझा संयम संपला.

‘एवढी सोबतीण मिळाली आहे तर बोल की तिच्याशी,’ मी म्हटलं. ‘तिला म्हणावं, ताईच्या मागे काय लागतेस, इकडे ये. मी आहे इथे. मी बघते तुझ्याकडे.’

‘खरंच सांगू?’

‘सांग. माझं नाव घेऊन सांग.’

तिने फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर

सकाळी ताईचा फोन. आवाज असा मोकळा की आधी ओळखूच आला नाही.

सांगितलं गं, म्हणाली. दार उघडून, तू म्हणालीस तसंच्या तसं. मी विचारलं, मग? तर म्हणाली, ‘मग काय. “येते” म्हणाली.’

बघ. गेली. इतकं सोपं होतं. भीती ही पोरांसारखी असते, एकदा डोळे वटारले की गप्प. ताई निघाली आहे. परवा इथे पोचेल. आईला फोन करून सांगितलं की तुझी लेक मार्गी लावली.

२१ ऑक्टोबर

ताई दुपारीच आली, पहाटे अंधारातच निघाली होती. काळवंडलेली, बारीक झालेली, आणि मान्य करायला हवं, देखणी. व्हरांड्यातल्या बाकावर बसून दोन कप चहा प्यायली, माझे कोरडे मोजे ढापले, साहेबांच्या पोटावर विनोद केला. साहेब खूष. गुडघ्याचं नावही नाही. संध्याकाळपर्यंत आराम कर म्हटलं तर नको म्हणाली, पुढचा मुक्काम गाठते. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठेतरी पोचायची घाई आहे.

निघताना म्हणाली, जाते.

मी म्हटलं, येते म्हण.

तिने माझ्या गालाला हात लावला. असं ती लहानपणीसुद्धा करत नसे. म्हणाली, ‘नको. तो शब्द मी तिकडे ठेवून आले.’

वळणाशी तिने एकदा मागे पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या मागे, वरच्या वाटेकडे.

२३ ऑक्टोबर

दुपारी जेवताना वरच्या निवाऱ्याची लाइन वाजली.

वर कोणी नाही. फाटक बंद आहे. उचलला. एक बाई म्हणाली, येते हं. साधा, घरगुती आवाज. मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. लाइन तुटल्याचा नव्हे. व्यवस्थित, हलक्या हाताने ठेवल्याचा.

कारणं असू शकतात. लाइनवर दुसऱ्या लाइनचं बोलणं चढतं. पेटीत ओल गेली तर घंटी आपोआप वाजते. बोलणं मात्र ओलीने होत नाही. साहेबांना सांगितलं नाही. ते म्हणतील, मनावर घेऊ नकोस.

मीटर लावून तिन्ही लाइन तपासल्या. कुठेही बिघाड नाही.

२४ ऑक्टोबर

मधल्या निवाऱ्यातून. येते हं.

काल वरचा, आज मधला. मध्ये एका दिवसाची चाल. लाइनवर चढलेलं बोलणं चालत नाही.

दुपारी शेवटची बस आली, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. साहेब रजेवर निघाले. मी पेट्यांना वीज देणाऱ्या इथल्या बॅटऱ्या काढून अठ्ठावीसला खास गाडीने जायचं, असं ठरलेलं आहे. माझ्याकडे बघून ते म्हणाले, चेहरा का असा, चल हवं तर आमच्याबरोबर, बॅटऱ्या पळून जात नाहीत. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, काय, आज गळती एक का?

साहेबांनी खिशातलं पेन काढून हवेत लिहिल्यासारखं केलं. ‘बोला मॅडम, कारण काय लिहू?’

थट्टाच होती. मी तोंड उघडलं. वरून एक बाई येते म्हणाली, असं साहेबांना सांगायचं, ड्रायव्हरसमोर. तो बँकवाला, ते मुख्याध्यापक, ती कॉफीवाली, सगळे डोळ्यांपुढे ओळीने उभे राहिले.

काही नाही, म्हटलं. झोप कमी झाली.

बस गेली. रस्त्यावर धूळ खाली बसेपर्यंत उभी होते.

२५ ऑक्टोबर

खालचा निवारा. शब्द बदलला. ‘आलेच.’

आलेच. शेजारीण गॅसवर दूध ठेवून म्हणते तसं.

साहेबांचा फोन बंद. कार्यालयात कोणी उचलत नाही, रविवार. ताईला लावला. तिच्या बाजूला फोन चालतो. लगेच उचलला. वारा होता आणि ती हसत होती, कोणाशी तरी बोलत होती.

सगळं सांगितलं. तू तिला परत बोलव म्हटलं. तूच पाठवलीस.

‘मला आता ती ऐकू येत नाही गं,’ ताई म्हणाली. अगदी मायेने. ‘आणि तूच म्हणालीस ना, मी बघते.’

‘ते बोलण्यात म्हणतात. ताई, तू परत ये. नाहीतर गाडी पाठव. कशीही.’

‘मोहीम सोडू?’ ती म्हणाली. ‘कारण?’

तिने वाट पाहिली. खरंच पाहिली, थट्टा नव्हती. मग म्हणाली की माझे थोडेच दिवस राहिलेत, पहिल्यांदाच काहीतरी पुरं होतंय, आईला केवढा आनंद होईल. तू घाबरू नकोस, तू खंबीर आहेस.

रस्त्याने चालत निघावं का? वस्ती फार लांब आहे. आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे —

नको. इथे निदान दार आहे.

२६, सकाळ

तिन्ही तारा टेबलापाशीच कापल्या. तांब्याची टोकं वेगवेगळी वाकवून ठेवली. आता काही वाजू शकत नाही.

दार लावलं. खिडकी लावली. बाहेर स्वच्छ ऊन आहे. भीती वाटावी असं काहीही नाही. वाट इथून दिसते, वळणापर्यंत. रिकामी.

२६, नंतर

वाट बघत बसू नये म्हणून बॅटऱ्या पुसतेय.

वाट रिकामी आहे. मगापासून रिकामीच. पण वळणाजवळची पाखरं उठली. मग अलीकडच्या झाडावरची. मग कुंपणावरची —

फोड आला होता, असं सांगितलं असतं. एवढंच सांगायचं होतं. बसमध्ये बसले असते. कोण विचारत होतं, कुठल्या पायाला.

ते सगळे शहाणे होते. तो बँकवालासुद्धा.

२६

व्हरांड्यात.

‘आले,’ म्हणाली.

दार वाजवलं नाही. नुसती उभी आहे. आत बोलावण्याची वाट बघतात तशी. दाराच्या फटीत ऊन होतं, आता नाही.

बोलू नये. मी काही बोलणार नाही. पण ती थांबलीये आणि मी —

म्हटलं. मोठ्याने म्हटलं. जा.

मग तिकडून, अगदी समजूतदार आवाजात — ‘येते.’

येते म्हणाली. जा म्हटल्यावर येते म्हणाली, म्हणजे निरोप. आपल्यात असंच म्हणतात. गेली. जातेय. बाकावर वजन पडल्याचा आवाज आला, बसली असेल घटकाभर, लांबून आलेली आहे. आता उठेल. आता बुटाची नाडी — नाडीचा आवाज येतोय, एका भोकातून, मग दुसऱ्या — बांधतेय. निघण्याआधी बांधतातच —

नाही. बांधताना आवाज असा येत नाही. हा ओढून मोकळी करण्याचा — एक बूट खाली ठेवला. हलक्या हाताने. जाणारं माणूस बूट घालतं, ही तर काढ